उठवणीचा साचा

२९ मार्च १९७१, सोमवार

कापा, तू विसरली असशील म्हणून आधी ओळख करून देते. मी तुझी आई. आग्राफेना, साचे कोरणाऱ्या लूकाची मुलगी, उस्त-कोर्झाच्या सखल काठावर राहणारी. दूध आणायला धाडलं तर किटली घरीच विसरून जाणारी पोर तू. चोवीस वर्षांत आई कुठे ठेवली ते विसरलीस, तर मला नवल वाटत नाही.

अक्षर माझं नाही. मला अक्षर येत नाही एवढं तुझ्या लक्षात असेल, कारण जाताना तूच ते ऐकवलं होतंस. म्हणालीस, तुला पत्र लिहून काय उपयोग, वाचणार पोस्टातली फेव्रोन्या आणि ऐकणार अख्खं गाव. खरंच होतं ते. म्हणून मीही आजवर कोणाकडून काही लिहवून घेतलं नाही. वर्षाला दोन पार्सलं तुझी यायची, डबाबंद मासे आणि चघळायच्या गोळ्या, चिठ्ठी नाही. मी डबे मोजायची नाही, नुसती पुसून फळीवर लावायची.

लिहितेय ती इराइदा पावलोव्ना. जिल्ह्याच्या म्युझियममधली बाई, पन्नाशीची, चष्मा, पायात शहरी बूट. काल दुपारी गोठलेल्या नदीवरून चालत आली, फर झाडाच्या फांद्या रोवून केलेल्या वाटेने. माझ्या बापाचे दोन लाकडी साचे न्यायला आली, मधाची बिस्किटं पाडायचे. मागच्या पानगळीत त्यांची माणसं येऊन गेली, तेव्हा मी कागदावर फुली मारून दिली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाले, आता कोणासाठी भाजायचंय, असं त्या दिवशी वाटलं होतं.

आज सकाळी तिला परत जायचं होतं. साव्वाती म्हाताऱ्याने, तोच आपला नाववाला, काठावरच्या खांबाला लाल फडकं बांधलं, म्हणजे वाट बंद. ही त्याच्याशी भांडायला गेली.

"मी कालच तर आले इथून."

"काल कालचा बर्फ होता, बाई."

"मग नाव काढा."

"चालायला कच्चा आणि नावेला पक्का. आता तीन आठवडे आग्राफेनाकडे कोबी खा."

परत आली ती बूट ओले करून. एक मे रोजी म्हणे गावाच्या वाढदिवसाचं प्रदर्शन आहे, मधल्या भिंतीवर बापाचा मोठा साचा टांगायचाय, खिळासुद्धा ठोकून झालाय. साचा नाही पोचला तर डायरेक्टर तिला खाईल. मी म्हटलं, ईस्टरचा उपास चाललाय, मांस खाणार नाही तो.

तिच्याकडे जाड वही होती. जुन्या रहिवाशांच्या आठवणी लिहायची. म्हणाली, अडकलेच आहे तर तुम्ही गावाचा इतिहास सांगा. मी म्हटलं, सांगते, पण कापाला सांगते. त्यातला इतिहास तू वेचून घे, नंतर वही कापाच्या पत्त्यावर टाक. थोडा वेळ पेन चावत बसली आणि म्हणाली, चालेल, रोजची तारीख घालू.

या बाईला गावात कोणी ओळखत नाही. नदी सुटली की ही जाईल, आणि ऐकलेलं घेऊन जाईल. असं माणूस मला आजवर मिळालं नव्हतं.

३१ मार्च

एका खोलीत दोन बायका. मी मोठ्या चुलीच्या उबदार माथ्यावर निजते, ती बाकावर. सकाळी उठून खिडकीशी उभी राहते. समोर उंच काठावर गाव दिसतं, जिन्यासारखं चढत गेलेलं, हात लांब केला तर देवळाच्या घुमटाला लागेल. चौकातल्या कर्ण्यावरची गाणी ऐकू येतात. तिकडच्या बेकरीच्या धुराड्यातून धूर निघतो. आणि मध्ये सहाशे पावलं करडा बर्फ, त्याच्यावर पाणी.

"बघून पातळ होत नाही तो," मी म्हटलं. "उलट लाजून बसतो."

इतिहास विचारते. सांगितला. प्रियादिलोवांची बेकरी होती घाटाजवळ, बारा बायका कणीक मळायच्या, त्यातली एक मी, नऊ वर्षांची असल्यापासून. म्हणून शाळा नाही. आगबोट शिट्टी घालायची तेव्हा आम्ही टोपल्या घेऊन धावायचो. उस्त-कोर्झाचा प्र्यानिक म्हणजे मध, राय धान्याचं पीठ, लवंग आणि जळकी साखर. साच्यात दाबायचा, उलटा आपटायचा, भाजायचा. खालच्या प्रांतातून लोक त्यासाठी यायचे. मग बेकरी बंद झाली. मग देवळाची घंटा उतरवली, बर्फावरून ओढत नेत होते, मधोमध बर्फ फुटला आणि घंटा खाली.

"कोणत्या वर्षी?" इराइदा विचारते.

"वर्ष घंटेला विचार. ती तिथेच आहे."

तिने काहीतरी आकडा घातला. तुला खरा माहीत असेल तर खोड.

३ एप्रिल

आज साचे काढले. पेटीच्या तळाशी होते, माझ्या मरणाच्या कपड्यांखाली.

मोठा तुला आठवेल. मानाचा साचा. दोन वीत लांब, नासपतीच्या लाकडाचा, वर शिडाची बोट, बोटीखाली मासे, माशांखाली लाटा. पाहुणा दारात आला की त्या साच्यातला मानाचा प्र्यानिक त्याच्या हातावर द्यायचा. दुसरा तळहाताएवढा, त्याच्यावर एक हंस, मान वळवून मागे बघणारा. उठवणीचा साचा. पाहुणे बसूनच राहिले, चहा गार झाला, गप्पा संपल्या, तरी कोणी हलत नाही, तेव्हा यजमानीणबाई एक शब्द न बोलता प्रत्येकापुढे उठवणी ठेवते. सगळे हसतात, खिशात टाकतात आणि कोट शोधतात. उंबऱ्यात गेले की यजमानीण बाही धरते, अरे एवढ्यात कुठे निघालात. तीन वेळा धरायची, तीन वेळा सोडायची. बाही धरली नाही तर उठवणीचा अर्थ वेगळा होतो.

इराइदाने हे सगळं लिहून घेतलं, दोनदा विचारून. मग म्हणाली, "एकदा करून दाखवा ना आजी. लहान साच्यात. मध आहे का घरात?"

"मध आहे वाटीभर. इच्छा नाही."

"मग मोठ्यात?"

"साचा वाळलाय. आधी तेल द्यायला हवं. तीन दिवस मुरायला हवं. मग परत तेल."

तिने माझ्याकडे बघितलं. मी तेलाची बाटली शोधत होते. बाटली हातातच होती.

फुली मारलेली माणसं शब्द फिरवत नाहीत. साचे जातील. फक्त जाताना कोरडे जाऊ नयेत, एवढंच.

६ एप्रिल

पाणी. पाऊस. साच्याला तेल दिलं. इराइदाचे बूट वाळत नाहीत, माझे जाड लोकरीचे घातले तर त्यांत तिचे आणखी दोन पाय मावतात.

९ एप्रिल

मनेफा गेली. शेजारची, सकाळी कोंबड्यांना दाणे टाकून परत आली, बाकावर बसली आणि उठलीच नाही. दफनभूमी पलीकडे, डॉक्टर पलीकडे, कागदावर शिक्का मारणारा पलीकडे. साव्वातीने फळ्या ठोकून पेटी केली आणि तिच्याच न्हाणीघरात ठेवली, तिथे गारवा असतो. नदी सुटेपर्यंत ती तिथे.

आयुष्यभर धडपड करत राहिलेली बाई, रांगेत सगळ्यांच्या पुढे घुसणारी. आता तीसुद्धा थांबलीय. साव्वाती म्हणाला, पहिली लाँच आली की पहिली मनेफा. मी म्हटलं, तिला तेच हवं असणार.

हसून झालं. मग घरी आल्यावर हात धुतले आणि चुलीवर चढले आणि छताकडे बघत पडून राहिले. छत नाकापासून हातभर. कापा, मी या नदीला अठ्ठ्याहत्तर वेळा सुटताना बघितलंय, कधी जीव घुसमटला नाही. यंदा घुसमटतो. मी जर आज बाकावर बसले आणि उठले नाही, तर जे सांगायचंय ते माझ्याबरोबर न्हाणीघरात जाऊन पडेल. आणि ही बाई वहीत प्रियादिलोवांची बेकरी घेऊन घरी जाईल.

इराइदा विचारते, आजचं एवढंच का. आजचं एवढंच.

१२ एप्रिल

दुकानातली साखर संपली, आगपेट्या संपत आल्या. बटाटे आहेत, कोबी आहे, खारवलेल्या अळंब्या आहेत. तुझे माशांचे डबे मी उपासातही उघडत नाही, उपास सुटल्यावरही नाही, इराइदाला वाटतं मला मासे आवडत नाहीत. तिने आज विचारलं, फळीवर बेचाळीस डबे कशाला लावलेत. मी म्हटलं, तू म्युझियमवाली, तुला कळायला हवं.

मग तिला लोकरीची चिंधी हवी होती बुटात कोंबायला. मी म्हटलं पेटीत बघ, कापाच्या पार्सलांतलं भरण आहे. खोक्यात डबे खडखडू नयेत म्हणून तू जुनं काहीबाही कोंबतेस ना, ते मी फेकलं नाही. ज्या क्रमाने आलं त्या क्रमाने गाठोड्यात आहे. चांगली लोकर असते.

तिने गाठोडं सोडलं आणि सगळं बाकावर ओळीने मांडलं. अंगठ्याएवढा मोजा. लाल हातमोजा, त्याला दोरी. गुडघ्याला ठिगळ असलेली चड्डी. गळपट्टी. शाळेच्या कोटाची अर्धी पाठ. आणि शेवटी गेल्या नोव्हेंबरातली, शर्टाची एक बाही, चौकड्याची, इतकी लांब की माझे दोन्ही हात तिच्यात जातील.

"काय दुकान मांडलंस?" मी म्हटलं.

तिने चष्मा पुसला. मग सगळं होतं तसं बांधून ठेवलं आणि ओल्या बुटांतच नदीवर निघून गेली. ओळ लावायची खोडच असते या लोकांना. चिंधीसुद्धा घेतली नाही, जिच्यासाठी एवढा पसारा काढला.

१४ एप्रिल

आज सांगते. साव्वाती म्हणतो काठाशी पाणी दिसायला लागलंय, चार-पाच दिवस. तेव्हा आजच.

लिही, इराइदा. आणि मध्ये प्रश्न नको.

सत्तेचाळीस सालचा वसंत. आधीच्या वर्षी पाऊस नाही, पीक नाही. पाव रेशन कार्डावर. कापा, तू एफीमला घेऊन आलीस, बर्फावरून, दोन दिवसांसाठी, आईला नवरा दाखवायला. दुसऱ्या सकाळी फडकं बांधलं गेलं. बावीस दिवस तुम्ही इथे अडकलात. तुमची कार्डं तुमच्या गावाला, इथल्या दुकानात तुम्हाला पाव नाही. माझ्या एका कार्डावर तिघं. गोठलेले बटाटे, कोंडा, बीट.

एफीम उंच. रोज दारातून आत येताना डोकं आपटायचा आणि म्हणायचा, "आलो हो, सासूबाई." पहिल्या दिवशी मी हसले. दहाव्या दिवशी मला वाटायला लागलं की हा मुद्दाम आपटतो. तू कोबीचं सार पुढे आलं की नाक दाबायचीस, उठून बाहेर जायचीस. मला वाटायचं, शहरात राहिली आणि हिला आईचा कोबी घाण वाटायला लागला. तो आपली वाटी हळूच तुझ्याकडे सरकवायचा. मला वाटायचं, माझ्यापासून काहीतरी लपवतायत. एका खोलीत बावीस दिवस असले की माणसाला सगळं दिसतं आणि काहीच दिसत नाही.

तेविसाव्या दिवशी साव्वातीने नाव काढली. त्या सकाळी मी कोंडा आणि बीट मळलं, उठवणीच्या साच्यात दाबलं, भाजलं आणि बशीत घालून एफीमपुढे ठेवलं.

थट्टा होती. आपल्या गावात प्रत्येक सासू प्रत्येक जावयाशी ही थट्टा करते. माझ्या आईने तुझ्या बापाला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी उठवणी दिली होती, तो दिवसभर ती दोऱ्यात बांधून गळ्यात मिरवत होता. असं मी चोवीस वर्षं स्वतःला सांगत आले.

पण त्यात मध नव्हता. मधाशिवाय ती थट्टा होत नाही, कापा. ते मला मळतानाच कळत होतं.

एफीम परगावचा. त्याला काय माहीत. म्हणाला, "वा, हंस," आणि मान मोडून खाल्ली. तू त्याच्या हातातून उरलेला तुकडा घेतलास, टेबलावर ठेवलास आणि म्हणालीस, "म्हणजे आम्ही पाहुणे होतो." मग ते पत्राचं. मग बोचकं.

मी उंबऱ्यापर्यंत आले नाही. बाही धरली नाही. एकदाही नाही. हात पिठाचे होते असं म्हटलं असतं, पण पीठ तर घरात नव्हतंच.

आता इराइदाने प्रश्न विचारला. नको म्हटलं होतं तरी. पेन खाली ठेवून विचारला.

"आजी, तिला कोबीचा वास सहन होत नव्हता?"

"नव्हता. लिहिलंस ना."

"सकाळीच, की दिवसभर?"

मी उत्तर दिलं नाही. लिही, की मी उत्तर दिलं नाही.

१५ एप्रिल

लिहवायचं नाही.

१६ एप्रिल

आज पेटी मी स्वतः उघडली. ओळ लावली. लहानापासून मोठ्यापर्यंत, तिने लावली होती तशी.

तो मोजा चांगल्या लोकरीचा आहे. दोनदा उसवून विणलेला.

१८ एप्रिल, रविवार

ईस्टरचा सण आला. कांद्याच्या सालीत अंडी रंगवली, सहा. एक मनेफाच्या न्हाणीघराच्या दारात ठेवलं. एक साव्वातीला. तो आत येऊन बसला, अंड्यावर अंडं फोडलं, माझं फुटलं.

पलीकडे गाव कोरडं दिसतं, लोक नवे रुमाल बांधून फिरतात. घंटा नाही, तरी या दिवशी आपण सगळे नदीकडे कान देतो. सकाळी आवाज झालाच, तोफेसारखा. साव्वाती म्हणाला, घंटा नव्हे, बर्फाचं हाड मोडलं.

मग चहाच्या सामोवारच्या वाफेआडून मी त्याला विचारलं. इतक्या वर्षांत प्रथमच. "सत्तेचाळीस साली माझ्या कापाला तूच पलीकडे नेलंस ना?"

"मीच."

"काय बोलली ती?"

"काही नाही. तो वल्हं मारायला मदत करत होता. ती तोंड या काठाकडे करून बसली होती. मी म्हटलं, पोरी, पुढे बघ, चक्कर येईल. ऐकलं नाही. मान मोडेल अशी मागे बघत राहिली. तू दारात नव्हतीस."

"नव्हते."

"मला वाटलं, येशील. म्हणून मी हळू मारत होतो वल्हं."

"चोवीस वर्षांत सांगावंसं वाटलं नाही तुला?"

"तू विचारलं नाहीस, आग्राफेना लूकीनिच्ना. मला वाटलं, तुला माहीत असणार."

बापाने त्या हंसाची मान मागे का वळवली ते मी त्याला लहानपणी विचारलं होतं. म्हणाला होता, जाणाऱ्याने एकदा मागे बघावं, आणि त्या वेळी दारात कोणीतरी असावं. दुसरी अर्धी गोष्ट मी विसरले. तेव्हा किटलीवरून तुला हसायचा मला हक्क नाही.

२० एप्रिल

सुटली.

दुपारी, सगळ्यांच्या समोर. आधी नुसती सरकली, पलंगावर कोणी कूस बदलावी तशी. मग आवाज, मग सगळी नदीच चालायला लागली. इराइदा डोक्यावर काही न घेता धावली. मी काठी घेऊन मागून. समोरून हिवाळ्यातली वाटच वाहत आली, मोठ्या तुकड्यावर, दोन्ही बाजूंनी फरच्या फांद्या रोवलेल्या, मध्ये घोड्याची लीद, एक हरवलेला हातमोजा. ज्या वाटेने ती आली होती ती वाट तिच्यासमोरून निघून गेली.

"आता ती कुठे जाईल?" तिने विचारलं.

"समुद्रात. पण तिथे तुझा डायरेक्टर नाही."

परत आलो तर दोघींनाही खोली लहान वाटली नाही. भीती वाटली. लाँच चार दिवसांत येईल. साच्यांना मी शेवटचं तेल दिलं. मोठ्याला जरा जास्त लागलं.

२३ एप्रिल

आज मी चिडलेय आणि हे असंच लिहायचं, इराइदा, एक शब्द गाळायचा नाही.

सकाळी या बाईने कागद काढला, तोच फुलीचा. दोन्ही साचे टेबलावर. लहान उचलला, पोत्याच्या कापडात गुंडाळला, दोरी बांधली. मग मोठा उलटा केला, चष्मा कपाळावर, नाक लाकडाला, आणि म्हणते, "हा नेता येणार नाही."

"का?"

"कीड आहे."

"कुठे?"

"आत. बाहेरून दिसत नाही. म्युझियममध्ये नेला तर बाकीच्या वस्तूंना लागेल. नियम आहे."

माझ्या बापाचा साचा. नासपतीचं लाकूड, सात वर्षं माळ्यावर वाळवलेलं. मी अंगठा फिरवला पाठीवर, कडांवर, प्रत्येक माशाच्या डोळ्यात. एक भोक नाही, एक कण भुसा नाही. मी म्हटलं, तुझ्या डोळ्यांना कीड लागलीय. म्हणते, असेल. आणि कागदावर काहीतरी लिहिलं, मला वाचून दाखवलं: दुसरी वस्तू किडीने पोखरलेली, स्वीकारण्यायोग्य नाही, मालकिणीकडे ठेवली.

"आणि तुझी ती मधली भिंत? खिळा ठोकलाय ना?"

"खिळाच बघतील लोक."

"डायरेक्टर खाईल तुला."

"उपास सुटला ना आता. खाऊ दे."

तीन आठवडे त्याला तेल दिलं, एवढी बाटली रिकामी केली, आणि ही म्हणते कीड. शिकलेल्या बायकांना लाकडातलं काही कळत नाही. ती हे लिहितेय आणि लिहिताना तोंड दाबून हसतेय, तेही लिही म्हटलं तर मान हलवते. बापाला मी काय सांगू वर गेल्यावर, की तुझा लहान साचा म्युझियमच्या लायकीचा निघाला आणि मोठा नाही?

साचा पुसून टेबलावरच ठेवलाय. पेटीत परत घातला नाही. का, ते मला विचारू नकोस. पेटीत जागा नव्हती, त्या ओळीने भरलीय.

२४ एप्रिल, शनिवार, सकाळ

लाँचची शिट्टी झाली. साव्वाती आणि तिघं जण मनेफाला उचलायला गेलेत. पहिली ती, तिच्या मागे इराइदा. बूट अखेर वाळले. थोडाच वेळ आहे, म्हणून पटापट सांगते.

उठवणीचा साचा आज घराबाहेर चाललाय. काचेच्या पेटीत राहील, त्याच्यात कोणी काही दाबणार नाही. त्या हंसाला मीच उठवून लावलं म्हण. इराइदापुढे आज बशीत काही ठेवलं नाही. पण ती उठली की मी तिची बाही धरणार आहे, तीन वेळा. तिला माहीत नाही. आता माहीत झालं, तिनेच लिहिलं.

वाटीभर मध होता त्यातून मानाचा प्र्यानिक होत नाही, काल रात्री मी करून बघितला, बोट येते, मासे येत नाहीत. मोठा साचा पोट भरल्याशिवाय आकार देत नाही. पीठ आहे. लवंगा मनेफाच्या फळीवर आहेत, तिला आता लागणार नाहीत, साव्वातीला सांगून घेते. तेल संपलं, पण साच्याने इतकं प्यायलंय की पुढच्या हिवाळ्यापर्यंत पुरेल, किडीसकट.

मी क्षमा मागत नाही, कारण ती पत्रातून मागितली की फेव्रोन्यासुद्धा देऊन टाकते. तुझी बाही धरायची राहिलीय. तीनदा. दारात येऊन धरीन. दाराची चौकट मी बदललेली नाही, तितकीच ठेंगणी आहे. तेव्हा बापाची उंची कोणी घेतली असेल, चौकड्याच्या शर्टाची एक बाही ज्याला कमी पडत असेल, त्याला सांगून ठेव की आत येताना वाकायचं. नाही वाकला तरी चालेल. डोकं आपटल्यावर काय म्हणायचं ते त्याला बापाने शिकवलं असेल.

माशांचे डबे पुरे झाले, फळी वाकलीय. गोळ्याही नकोत, माझ्या तोंडात आता दोनच दात आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. मध पाठव. दोन किलो, काळा, घट्ट, चमचा उभा राहील असा. पोस्टाने नको, वाटेत गळतो. कोणाच्या तरी हाती पाठव.